प्रूफ कुणाच्या नंबरवर पाठवू?

परभणीत स्टेशन रोडवरून आत वळलं की एका बोळात फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. खाली चपलांचं दुकान, शेजारून चौदा उभ्या पायऱ्या, वर हे. पाटीवर 'फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर, मराठी-उर्दू टायपिंग' एवढंच लिहिलंय, दुकानाला वेगळं नाव नाही. नगरपरिषदेच्या निवडणुकीला मी उभी होते तेव्हा माझे बॅनर आणि पत्रकं इथून छापून घेतली. तेव्हापासून ओळखीतल्या बायका विचारतात, फोटो कुठे काढला, किती लागले, उर्दू कुणी लिहून दिलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमचं तालुक्याचं गाव. तिथेही फ्लेक्सवाले आहेत आणि पहिलं काम मी गावातच दिलं होतं. प्रभागात दोन जागा, त्यातली 'अ' महिलेला सुटली. मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या मोटारी घेऊन शेतकऱ्यांची सारखी ये-जा असते, त्यामुळे ओळखी दांडग्या. लोक आले ते त्यांच्याकडेच आले. 'भाभीला उभं करा, बाकी आम्ही बघतो.' मी आत चहा गाळत होते, सगळं ऐकू येत होतं. अकरा वर्षं झाली मी शिवणक्लास चालवते, सकाळी पाचवी-सहावीच्या पोरांना गणित शिकवते, रेशन कार्डाचे आणि निराधारच्या पगारीचे अर्ज भरून देते. उभं राहायचं माझ्या मनात होतंच. ते 'बाकी आम्ही बघतो' तेवढं खटकलं.

गावातल्या दुकानाचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, मिस्टरांच्या व्हॉट्सॲपवर आलं. जेवताना त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. दहा बाय आठचा बॅनर. डाव्या बाजूला मिस्टर हात जोडून उभे, पार पायातल्या बुटापर्यंत. उजवीकडे सोनेरी लंबगोल चौकट, आणि त्या चौकटीत माझ्या चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल. खाली माझं नाव, मतदारयादीत आहे तसंच, 'भ्र.' लावून. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कागदोपत्री बाईच्या नावानंतर 'भ्र.' येतं, म्हणजे भ्रतार, आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. शेवटी उर्दूची एक ओळ होती. तिची अक्षरं एकमेकांपासून सुटून उलटी पडली होती, डावीकडून उजवीकडे. आलिफ एकीकडे, लाम दुसरीकडे. उर्दू शिकलेल्यालाही ती ओळ लागली नसती.

मी फोन केला. दुकानदार म्हणाला, 'तुमच्याकडं बायकांचा फोटो चालत नाही ना, म्हणून फूल टाकलं. सगळे असंच करून नेतात.' त्याने वाईट हेतूने केलं नव्हतं, मला माहीत आहे. पण मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आधारवर माझा फोटो आहे, मतदार ओळखपत्रावर आहे, बँकेच्या पासबुकावर आहे. मत मागायच्या वेळेलाच मी फूल कशी झाले? त्या रात्री मला झोप लागली नाही. क्लासमधल्या एका मुलीने परभणीच्या या दुकानाचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने मी आणि मिस्टर गेलो.

संगणकावर एक मुलगी बसते. चोवीस-पंचवीसची असेल, डोक्याला स्कार्फ, आयटीआयमधून डीटीपी शिकलेली. दुकान वडिलांचं, मशीन भाऊ चालवतो. बोलणं मिस्टरांशी होणार असं धरून मी सवयीने दोन पावलं मागे उभी राहिले होते. तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, 'आपा, प्रूफ किसके नंबर पे भेजू? तुमारेच ना?' मी माझा नंबर सांगितला. तिने वहीत गिऱ्हाइकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पुढे विचारलं, 'गल्लीत काय म्हणतात तुम्हाला?' मी म्हटलं, टीचर. तिने नावापुढे 'टीचर' लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढे बॅनरवर तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात आलं.

फोटोसाठी काउंटरच्या मागे पडदा लावून छोटी खोली केली आहे. बायकांचे फोटो तीच काढते, तेवढा वेळ भाऊ किंवा वडील आत येत नाहीत. तिने विचारलं, बुरख्यात काढू का ओढणीवर? मी उलट तिलाच विचारलं, कसं बरं दिसेल? ती म्हणाली, 'प्रचाराला कशा फिरणार? तसाच काढू. बॅनरवर एक बाई आणि दारात दुसरीच आली तर लोक ओळखतील कसे?'

हे मला फार पटलं, कारण आदल्याच आठवड्यात एका ओळखीच्या कार्यकर्त्याने मला दोन बॅनर करायला सांगितलं होतं. आपल्या मोहल्ल्यात बुरख्यातला लावा आणि वरच्या आळीत साडीतला. साडी मी नेसते, लग्नकार्याला, झेंडावंदनाला. मला ती आवडते. पण रोज घराबाहेर पडते ती बुरखा घालून, चेहरा उघडा ठेवून. बाजारात, बँकेत, पोरांच्या शाळेत, वरच्या आळीतल्या बायकांचे ब्लाउज द्यायला जाते तेव्हाही. दोन्हीकडच्या लोकांनी मला वर्षानुवर्षं तशीच पाहिलेली. मग त्यांच्यासमोर दोन वेगळ्या बायका कशासाठी उभ्या करायच्या? मी तिला सांगितलं, काळा बुरखा आणि हा आकाशी स्कार्फ, सगळीकडे हाच एक फोटो.

काळ्या बुरख्याचा फोटो काढायला हात बसलेला लागतो, हे मला तिथे कळलं. मोबाइलने काढला, किंवा कॅमेरा ऑटोवर ठेवला, की त्याला समोर अंधारच दिसतो. तो आपणहून उजेड वाढवतो आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा पडतो. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या ओळखपत्रांवर हेच झालेलं असतं, काळ्या ढिगात एक पांढरा ठिपका, नाक-डोळे शोधावे लागतात. मी आजवर समजत होते की आपण फोटोत चांगल्या येत नाही. तिने कॅमेरा मॅन्युअलवर घेऊन उजेड उतरवला, डाव्या बाजूला दिवा लावला, उजवीकडे थर्माकोलची पांढरी शीट उभी केली म्हणजे त्या गालावर सावली साचणार नाही, आणि मागे दुधी रंगाचं कापड सोडलं. वीसेक फोटो काढले. मधेच म्हणाली, 'क्लासात पोरीने टीप वाकडी मारली की कशा बघता?' मी बघितलं आणि तिने बटण दाबलं. तोच फोटो निवडला. त्यात माझ्या बाहीची टीप दिसते, आत दुमडून घातलेली, माझ्याच हातची. बुरख्याचं कापड कापड म्हणून दिसतं, त्याला घड्या आहेत, चुण्या आहेत.

संगणकावर तिचं काम मी शेजारी बसून पाहिलं. नुसता काळा रंग दिला तर फ्लेक्सवर तो विटका, राखाडी उतरतो, म्हणून ती त्यात बाकीच्या शाईंचा थोडा थोडा अंश मिसळते. मागचा रंग गडद घेतला की बुरख्याची कड त्यात बुडून खांदेच नाहीसे होतात. म्हणून फिकट पिस्ता घेतला. माझ्या उजव्या डोळ्याखाली पुऱ्या तळताना तेल उडालेल्याचा डाग आहे. तिने तिथे बाण नेला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. रंगही उजळवला नाही. घरी मिस्टर ते प्रूफ बराच वेळ बघत बसले होते. मग म्हणाले, 'ये तो तूच है.'

त्यांच्या फोटोचा विषय निघालाच. ते स्वतः काही बोलले नाहीत, पण बरोबरची माणसं म्हणाली की साहेबांचा फोटो नसेल तर ओळख कशी पटणार. त्यावर मुलीने साधा उपाय सांगितला. निवडणुकीच्या छापील कागदावर मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या द्यावी लागते. प्रकाशक म्हणून मिस्टरांचं नाव खालच्या ओळीत गेलं. ते त्यांना मनापासून आवडलं. चौकातले बॅनर त्यांनी स्वतः शिडी लावून बांधले.

पुरुष उमेदवार दुकानात येतात ते नेत्याचा फोटो घेऊनच येतात म्हणे, असा हात पाहिजे, अशी मान पाहिजे. तिने मला विचारलं, तुम्हाला कुणासारखं? मला एक नाव सुचेना. तिच्याकडे 'नेते' नावाचं फोल्डर आहे, मागची बाजू कापून तयार ठेवलेले फोटो, सगळ्या पक्षांचे. ती खाली खाली सरकवत गेली. पुरुषच पुरुष, मधूनच एखादी बाई, त्यात मुसलमान बाई एकही नाही. आणि हे परभणीत! इथल्याच फौजिया खान २००९ मध्ये राज्यमंत्री झाल्या, २०२० मध्ये राज्यसभेवर गेल्या. मी नाव घेतल्यावर मुलगी गप्प झाली. 'मेरेच गाँव के, और मेरेकुच याद नै,' म्हणाली, आणि तिथल्या तिथे त्यांचा फोटो शोधून फोल्डरमध्ये टाकला. मग आम्ही दोघी आणखी शोधायला लागलो. २०२४ च्या लोकसभेत ५४३ खासदारांमध्ये मुस्लिम महिला निवडून आल्या त्या दोन, उत्तर प्रदेशात कैरानाहून इक्रा हसन आणि बंगालमध्ये उलुबेरियाहून साजदा अहमद. इक्रा हसनचा ओढणीतला फोटो तिने मोठा करून पाहिला, मान कशी ठेवली आहे, उजेड कुठून आहे. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी आमचा अर्धा तास यात गेला. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

पत्रकावर सावित्रीबाईंच्या शेजारी त्यांच्या सहकारी फातिमा शेख पाहिजेत असा माझा हट्ट होता. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, आपल्या आजारपणामुळे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा. क्लासच्या भिंतीवर मी ते लिहून ठेवलं आहे. पण नेटवर जो फोटो फिरतो तो इतका पुसट की जरा मोठा केला की चौकोन चौकोन दिसायला लागतात. एआयने स्वच्छ चेहरा करून घेता येतो, मी तसं सुचवलंही. ती तयार झाली नाही. 'आपा, मग तो चेहरा फातिमाबाईंचा राहील का?' पत्रकावर त्यांचं फक्त नाव छापलं, सावित्रीबाईंच्या नावाशेजारी, एकाच मापाच्या अक्षरात.

मजकुराला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिच्याकडे तयार ओळी असतात आणि तिने आधी टाकली ती 'मुस्लिम भगिनींचा बुलंद आवाज'. मी ती काढायला लावली. ओळ वाईट नव्हती. पण आम्ही पेपरात आणि टीव्हीवर येतो ते तलाकच्या बातमीला. त्या प्रश्नाचं मोल मला कळतं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात बायका मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या, १९८५ ला शाहबानोच्या पोटगीचा निकाल लागला, २२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक रद्द ठरला तेव्हा आमच्या क्लासमध्ये दोन दिवस मशीन बंद ठेवून बायका बोलत होत्या. मी त्या बायकांच्या बाजूची आहे. आणि दुसरं, आम्ही येतो ते मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुरख्यांच्या रांगेचा फोटो म्हणून. खाली लिहिलेलं असतं की मुस्लिम महिलांनी उत्साहाने मतदान केलं. नाव कुणाचंच नसतं. वीस वर्षांहून जास्त मी त्या रांगेत उभी राहिले आहे. रांगेतल्या कुठल्या बाईच्या घरी नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, कुणाच्या दारात गटार तुंबलंय, हे त्या फोटोत येत नाही. मला त्यावरच मत मागायचं होतं.

मी लांबलचक लिहून नेलं होतं. टाकीची क्षमता, व्हॉल्व्ह, पाण्याच्या पाळ्या, सगळं. मुलगी म्हणाली, पत्रकात हे राहू द्या, बॅनर मोटारसायकलवरून जाणारा वाचतो. कापत कापत एवढंच राहिलं: 'पाणी आठव्या दिवशी का? मी विचारते.' त्याखाली निशाणी, शिलाई मशीन. ही निशाणी मला मिळाली तेव्हा क्लासच्या पोरी नाचल्या होत्या.

उर्दूचं काम इथे खात्रीचं आहे. ती इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये नस्तालिक, म्हणजे उर्दूच्या तिरक्या वळणाच्या अक्षरात टाइप करते, अक्षरांचे आकार पक्के करून मगच बॅनरच्या फाइलमध्ये आणते, त्यामुळे आलिफ-लाम सुटत नाहीत. काउंटरमागे एक बातमीचं कात्रण चिकटवलंय, १५ एप्रिल २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं, त्याला हरकत घेणारी याचिका न्यायालयाने फेटाळली. माझ्या बॅनरवर वर मोठं मराठी, खाली एक ओळ उर्दू. मी मराठी माध्यमात शिकले, माझं गणित मराठीत आहे, भांडण मी दखनीत करते. एका बॅनरवर दोन्ही नीट लिहिलेलं पाहून माझ्या अम्मीने ती उर्दू ओळ बोट फिरवत वाचली. अम्मीला मराठी वाचता येत नाही.

आता जे आवडलं नाही ते. चिन्ह मिळालं तेव्हा मतदानाला आठवडाही उरला नव्हता आणि या दुकानाने बुधवारचा वायदा गुरुवारी संध्याकाळी पाळला. तो एक दिवस आमच्यासाठी फार होता. पहिल्या प्रूफमध्ये शिलाई मशीनचं चित्र भलतंच, विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या मशीनचं होतं. मतपत्रिकेवरचं चित्र साध्या मशीनचं. मी ओळखलं म्हणून निभावलं, दुसरी एखादी गडबडीत तसंच छापून घेऊन गेली असती. लहान बॅनरना रिंगा चारच कोपऱ्यांत मारल्या, वाऱ्याने दोन बॅनर मधून फाटले. सांगून कडेला आणखी रिंगा मारून घ्या. पायऱ्या उभ्या आणि कठडा एकाच बाजूला, गुडघे दुखणाऱ्या बाईला त्रास होईल. आतल्या खोलीत शाईचा वास इतका उग्र की डोळे चुरचुरतात, तो भाऊ दिवसभर तिथे कसा उभा राहतो याची मला काळजी वाटते, एक बाहेर हवा फेकणारा पंखा तरी बसवावा. आणि बाहेरगावाहून येणाऱ्या बायकांना तीन-चार तास थांबावं लागतं तिथे बाथरूमची सोय नाही. मला स्टेशनपर्यंत चालत जावं लागलं. बायका या दुकानात विश्वासाने येतात, म्हणून हे त्यांनी आधी करावं.

दर सांगते. साधा फ्लेक्स १२ रुपये चौरस फूट. दहा बाय आठचे दोन आणि सहा बाय चारचे चार, मिळून २५६ फूट, ३,०७२ रुपये. दोन हजार पत्रकं २,२००. फोटोचे २०० आणि डिझाइनचे ३००. झाले ५,७७२, वरचे ७२ सोडले. आमच्या गावात फूट १० रुपयांत होतं. बिल न मागता माझ्या नावावर फाडलं, आणि खर्चाचा हिशोब देताना तेच कामी आलं. गावातल्या दुकानाने ॲडव्हान्सची पावती मिस्टरांच्या नावाने दिली होती, ती लावता आली नाही.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, २१ ला निकाल लागला. ४३ मतं कमी पडली. वरच्या आळीतून मला मतं मिळणार नाहीत असं सगळे धरून होते, तिथे अपेक्षेपेक्षा बरीच मिळाली. प्रचारात त्या आळीतल्या एका आजीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग चौकातल्या बॅनरकडे मान वळवली आणि पुन्हा माझ्याकडे. 'हीच की ती, मशीनवाली. ये, बस.' तिच्या ओट्यावर बसून मी पाण्याच्या पाळ्यांचा कागद काढला. तिने तिच्या सुनेलाही बोलावून घेतलं, आणि सुनेने सांगितलं की त्यांच्याकडे तर नवव्या दिवशी येतं.

फ्लेक्स उतरवून घरात गुंडाळून ठेवलेत. फाटलेले दोन शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्यावर गेले, मीच दिले.

दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ, शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद. बायकांचे फोटो सकाळीच काढून घ्यावेत, दुपारनंतर लग्नपत्रिकांची गर्दी होते आणि त्या खोलीत गठ्ठे रचलेले असतात. शिवणक्लासची पाटी मी चार बाय तीनची सांगितली आहे, वर मराठी, खाली उर्दू, कोपऱ्यात तोच फोटो. या वेळी आठ रिंगा मारायला सांगितल्यात. गुरुवारी आणायला जायचं आहे.